गिरडखाली उतरलेली दुमजली

वर्धा जिल्ह्यात गिरड नावाचं गाव आहे हे मला वयाच्या पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या विमानालाही नव्हतं. पण एका हिवाळ्यात हैदराबादहून नागपूरला जाताना त्याचं उजवं इंजिन बंद पडलं, ते गिरडच्या डोंगराखाली एका वावरात जाऊन बसलं, आणि त्याला तिथून उठवायला कंपनीनं मला पाठवलं. माणसं तीर्थाला जातात, लग्नाला जातात. मी एका आजारी विमानाच्या समाचाराला गेलो.

असलं विमान आता दिसत नाही, म्हणून आधी त्याच्याविषयी सांगतो. एकावर एक असे दोन पंख, मध्ये खांब आणि तारा, म्हणून वर्कशॉपात त्याला आम्ही ‘दुमजली’ म्हणायचो. दोन इंजिनं, आठ प्रवासी, आणि पार नाकात एकटा वैमानिक. त्याच्या शेजारी बसायलाही जागा नाही. सांगाडा लाकडाचा, जोड सरसाचे, वरून कापड. युद्धात वायुदलाच्या पोरांना बिनतारी संदेश शिकवायला ते या देशात आलं. युद्ध संपल्यावर मोडीत निघालं तेव्हा आमच्या छोट्या कंपनीनं ते उचललं, आणि त्याच सुमारास मीही कोकणातून येऊन कंपनीत चिकटलो. बिनतारी यंत्रं काढून आम्ही खुर्च्या बसवल्या, खिडक्यांना पडदे लावले. काठियावाडातल्या संस्थानांच्या गवताळ मैदानांवर ते रोज उतरायचं. चढण्याआधी माणसं सामानासकट तोलली जायची. जाड शेटजींना पुढच्या खुर्चीवर बसवलं की ते रागवायचे. त्यांना मागे बसवलं असतं तर विमान नाक वर करून बसलं असतं, हे त्यांना सांगायचं कसं? कानात घालायला कापूस आणि चघळायला लिंबाच्या गोळ्या मिळायच्या. एकदा एक नवरी अख्ख्या रुखवतासह आली होती, तेव्हा नवरा मागाहूनच्या फेरीनं आला.

पुढे पत्र्याची मोठी विमानं आली आणि दुमजलीच्या वाट्याला कोणाला नको असलेल्या वाटा आल्या. शेवटची हैदराबाद-नागपूर. त्या हिवाळ्यात तर सरकार सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेणार अशी बोलवा होती. कोणाला नोकरी राहील, कोणाला नाही, यावर वर्कशॉपात दिवसभर कुजबुज. मी रात्री कूस बदलत पडायचो. गिरडला जायचा हुकूम आला तेव्हा खरं सांगतो, बरं वाटलं. निदान हातांना काम मिळालं.

वर्धा

नवा लाकडी पंखा मोठ्या खोक्यात घालून मी नागपूरची गाडी पकडली. इंजिनापुढे फिरतो तो पंखा; जुना उतरताना मोडला होता. वर्ध्याला मी उतरलो आणि खोकं उतरलंच नाही. हमालानं दार उघडेपर्यंत गाडी हलली आणि पंखा नागपूरला गेला. स्टेशनमास्तर म्हणाले, “उद्या येईल. बसा की निवांत.” निवांत हा शब्द मला त्या दिवसांत शिवीसारखा लागायचा.

दिवस काढायचा म्हणून चालत सुटलो तो शहराबाहेर नालवाडीपर्यंत गेलो. तिथं एका ओसरीवर माग चालू होता. विणणारी बाई साठीच्या घरातली. मी कापड बोटांत धरून पाहू लागलो, सवयीनं ताणून पाहिलं. तिनं माग थांबवला.

“काय पायता जी? सदऱ्याले पाहिजे का?”

“नाही बाई. मी विमानाच्या पंखांना कापड लावतो. म्हणून बघतोय.”

“बाप्पा! इमानाले कापड?” ती हसता हसता खोकायला लागली. “अन मले वाटे का ते लोखंडाचं असते. मंग फाटलं तं?”

“शिवायचं. वरून रंगासारखं एक रसायन लावायचं. ताणून ढोलकीसारखं घट्ट होतं.”

तिनं जरा विचार केला. “म्या तं बसाची नाई बाप्पा तुमच्या इमानात,” म्हणाली आणि पुन्हा माग सुरू केला. मी हसलो, पण परतीच्या वाटेवर ते वाक्य माझ्याबरोबर चालत आलं.

हिंगणघाटहून पुढे

खोकं दुसऱ्या दिवशी आलं. हिंगणघाटपर्यंत गाडी, तिथून समुद्रपूरपर्यंत कापसाच्या लॉरीत, आणि पुढे बैलबंडी. कोकणात आमची वाट चढते, उतरते, वळते. दर वळणावर काहीतरी लपलेलं असतं. इथं काहीच लपलेलं नाही. काळी जमीन, वेचणीला आलेल्या कापसाच्या पराट्या, तुरीच्या ओळी आणि वर भलंमोठं आभाळ. गिरडचा डोंगर दुपारपासून दिसत होता आणि संध्याकाळपर्यंत जवळ येत नव्हता. मी सारखा खोक्याच्या दोऱ्या तपासत होतो. बंडीवाला अखेर म्हणाला, “भाऊ, दोऱ्या काही पळून नाई चालल्या.”

डोंगरावर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. हिंदू, मुसलमान, सगळे येतात. डोंगरावर सुपारीएवढे गोल खडे सापडतात. एका व्यापाऱ्यानं बाबांशी खोटं बोलल्यामुळे त्याच्या मालाचे दगड झाले, अशी गोष्ट मला बंडीवाल्यानं सांगितली. आणि आता दर्शन करून खाली आलेली मंडळी विमान पाहिल्याशिवाय परतत नाहीत, हेही त्यानंच सांगितलं.

विमान मला मावळत्या उन्हात दिसलं. ज्वारी कापून मोकळ्या झालेल्या वावरात, थोडं उजवीकडे कललेलं. त्याच्या पंखाखाली बाजेवर आमचे वैमानिक कॅप्टन जयवंत पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत होते.

“सावंत, किती उशीर!” ते म्हणाले. “मी इथला जावई झालो असतो एवढ्यात.”

कॅप्टन चाळिशी ओलांडलेले, उंच, बोलके. युद्धात विमान चालवलेला माणूस. इंजिन बंद पडल्यावर एका इंजिनावर हे म्हातारं विमान उंची धरेना, तेव्हा त्यांनी डोंगर चुकवून, झाडांवरून वळवून ते गायरानात उतरवलं होतं. तिथून घरंगळत ते धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून या वावरात आलं. उजव्या बाजूचा पंखा मोडला, खालच्या पंखाचं टोक फाटलं. माणसाला ओरखडा नाही. प्रवासी बंडीनं आणि मोटारीनं पुढे गेले. कॅप्टन विमानापाशीच राहिले.

वावर नथ्थूजींचं. ते आणि त्यांची बायको पारबताबाई, दोघंच घरात. मुली सासरी गेलेल्या. आम्ही जेवायला त्यांच्याच घरी. पहिल्या रात्री वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर आली आणि पहिल्याच घासाला मी थबकलो. वास ओळखीचा होता, पण स्वयंपाकघरातला नव्हता. ते जवसाचं तेल होतं. वर्कशॉपात लाकडाला चोळायला आम्ही तेच वापरतो. मी सांगितलं तेव्हा पारबताबाई म्हणाल्या, “चांगलं हाये मंग. तुमच्या इमानाले बी खाऊ घाला.” तिसऱ्या दिवशी मला भात आठवेनासा झाला, एवढं ते तेल जिभेवर बसलं.

वावरात

इंजिनाचा दोष सोपा होता. तेलाची नळी तडकली होती, ती बदलली. पंखा बसवला. फाटलेलं कापड कापून काढलं, म्हणजे खालच्या पंखाचं पोट उघडं पडलं. या पंखांच्या पोटातून एक लांब लाकडी तुळई जाते. फळ्या सरसानं चिकटवून ती केलेली असते आणि सगळा भार तिच्यावर. आपल्या हवेत या तुळईचीच भीती. उन्हाळे, पावसाळे, पुन्हा उन्हाळे; सरस कधी सुटेल सांगता येत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही.

मला तुळईवर एक रेघ दिसली. केसासारखी, काळसर, बरोबर जोडावर. पातळ पातं घातलं तर टोक थोडं आत गेलं आणि थांबलं. ती वरच्या रंगाची तड होती की सरसाची? मी पुन्हा पुन्हा पाहिलं. आरशानं उजेड आत टाकून पाहिलं. सांगता येईना. डावीकडचं थोडं कापड सोडवून तिथंही पाहिलं. ती बाजू स्वच्छ होती.

कॅप्टननी वाकून रेघ पाहिली. “नखभर तड आहे. रंगाची.”

“असेल. नसेलही.”

“सावंत, नागपूर अर्ध्या तासावर आहे. मी एकटा, रिकामं विमान. प्रवासी नाहीत, सामान नाही. तिथं उतरवू, मग तुम्ही दुर्बीण लावून बघा.”

मी हिंगणघाटला जाऊन कंपनीला तार केली. उत्तर आलं: विमान ताबडतोब नागपूरला न्या. सरकारनं ताब्यात घेताना विमान तळावर उभं असणं आणि मोडून वावरात पडलेलं असणं यात कंपनीला जमीन-अस्मानाचा फरक होता. मला तो कळत होता. विमानाच्या बाजूनं मीही होतो. त्या खुर्च्या मी बसवल्या होत्या. पण परतीच्या बंडीत ती रेघ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

“मी उडायला परवानगी देत नाही,” मी आल्या आल्या कॅप्टनना सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात म्हणाले, “नव्या सरकारी कंपनीत वैमानिक निवडून घेणार आहेत. माझं वय बघा. मी वावरात विमान टाकून आलो, असं माझ्या नावावर लागलं तर मला कोण घेईल? मला दुसरं काही येत नाही, सावंत.”

“माझंही तसंच आहे.”

“मग?”

पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी मीठ-चटणीपुरतं बोललो. ते गायरानात दगड वेचत फिरायचे, धावायला जागा साफ करत. मी झालेलंच काम पुन्हा करायचो. फाटलेल्या टोकावर नवं कापड ताणायचं, शिवायचं. नथ्थूजी धुऱ्यावर बसून आम्हां दोघांकडे पाहायचे. एकदा म्हणाले, “तुमी दोघं बी चांगले माणसं हा. मंग काऊन भांडून राह्यले?”

गायरान

तिसऱ्या सकाळी दंव पडलं होतं. मी जागा झालो तेव्हा कॅप्टन चामडी जाकीट घालून तयार होते. बैल लावून विमान आदल्या संध्याकाळीच गायरानात ओढून ठेवलं होतं. नुसतं उभं करून ठेवू, असं ते म्हणाले होते. ते नाकातल्या जागेवर चढून बसले आणि खिडकी सरकवून ओरडले, “सावंत, पंखा फिरवा!”

या विमानाचं इंजिन चालू करायला खाली उभ्या माणसानं पंखा हातानं फिरवावा लागतो. मी हात खाली सोडून उभा राहिलो.

“नाही, कॅप्टन.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी नथ्थूजींना हाक मारली. नथ्थूजी दोन पावलं पुढे आले आणि माझ्याकडे वळले. “भाऊ, फिरवू का?”

“हात जाईल,” मी म्हणालो. “ज्याला माहीत नाही त्याचा हात जातो.”

पारबताबाई लोटा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं आणि वर पाहून म्हणाल्या, “साहेब, खाली या. च्या थंडा होऊन राह्यला.”

“बाई, मला जायचंय.”

“मंग जा. पन माह्या मानसाले काऊन सांगता?”

कॅप्टन लाल झाले. मला त्यांची कणव आली आणि रागही आला. त्या दोहोंत कुठंतरी मी विमानाचं दार उघडलं.

“ठीक आहे. पंखा मी फिरवतो. दोन्ही इंजिनं चालू करून देतो. मग मी मागे येऊन बसणार.”

“तुम्ही कशाला?”

“तड रंगाची आहे ना? मग मला न्यायला काय हरकत आहे?”

मी हे शौर्यानं म्हणालो असं कोणाला वाटू नये. मला खरोखर वाटत होतं की ते ‘बसा’ म्हणतील आणि मला बसावं लागेल. डोळ्यांपुढे घर आलं, अंगणातली सुपारीची झाडं आली. मी पंख्याचं पातं दोन्ही हातांनी धरलं. गार होतं.

“सांगा, कॅप्टन. फिरवू?”

ते समोर पाहत बसले. गायरानात एक गाय आडवी चालत होती. तिचं चालणं संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग स्विच बंद केल्याची टिचकी ऐकू आली. ते खाली उतरले, पारबताबाईंच्या हातून चहा घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मोडायला किती माणसं लागतील?”

सोडवणूक

विमान बांधायला महिने लागतात, मोडायला चार माणसं आणि एक करवत पुरते. इंजिनं उतरवून बंड्यांवर चढवली, हिंगणघाटला पाठवली. तारा, यंत्रं, चाकं गेली. खुर्च्या नथ्थूजींनी गावच्या शाळेसाठी मागून घेतल्या. पंख अखंड नेण्याजोगी बंडी नव्हती आणि कंपनीलाही ते नको होते; ते कापायचे ठरले. समुद्रपूरहून सुतार आला.

उजवा खालचा पंख आधी घेतला. मी त्या रेघेवर खडूनं खूण केली आणि म्हणालो, “इथंच काप.” करवत चालली. तुकडा पडला. मी आणि कॅप्टन दोघंही वाकलो.

लाकूड अखंड होतं. जोड घट्ट. रेघ रंगातच संपली होती.

कॅप्टननी नुसती कापलेल्या जागेवरून बोटं फिरवली आणि चालत धुऱ्यापलीकडे गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दिवसभर त्या तुकड्याभोवती घिरट्या घालत राहिलो. धडधाकट विमान मी मारलं होतं, आणि एका माणसाची नोकरीही. जेवायला गेलोच नाही. पारबताबाईंनी भाकर आणि अंबाडीची भाजी वावरात आणून दिली. ती तशीच बांधलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी सुतारानं डावा खालचा पंख घेतला, मी स्वच्छ म्हणून सोडलेला. करवतीचे चारसहा हात चालले असतील. कट्ट असा आवाज झाला आणि सुतार मागे सरकला. करवत पोचण्याआधीच तुळई तिच्या लांबीनं उकलली. फळ्या एकमेकींपासून हातभर सुटल्या, शेंग उकलावी तशा. मध्ये सरस नव्हता. पीठ होतं, पिवळसर.

कॅप्टननी एक फळी उचलली. बोट फिरवलं, पीठ बोटाला लागलं.

“ही बाजू तुम्ही बघितली होतीत?”

“हो. चांगली आहे म्हणालो होतो. दिसलंच नाही मला.”

“नुसत्या माझ्या वजनानंसुद्धा...”

“हो.”

ते फळी हातात घेऊन जमिनीवरच बसले. सुतार बिडी पेटवायला बाजूला गेला. मला वाटलं आता ते माझे आभार मानतील, नाहीतर हसतील. माझी चूक आणि माझा हट्ट दोन्ही बरोबर निघाले होते, हसण्यासारखंच होतं. पण कॅप्टन भलतंच बोलू लागले.

“त्या दिवशी झाडं आली तेव्हा मी सगळा जोर लावून डावीकडे वळवलं. सगळा भार याच पंखावर होता. पुढच्या खुर्चीवर हैदराबादचा एक वकील होता. त्याच्यामागे दोघं भाऊ, सरकीच्या व्यापारातले. एक म्हातारे मास्तर, पहिल्यांदाच बसलेले, सारखे देवाचं नाव घेत होते. एक नर्स. आणि मागे ती बाई, कडेवर मूल घेतलेली. मी वळून एकदाच पाहिलं, तर ती मुलाचे कान दाबून धरत होती.”

मी त्यांच्या हातातली फळी काढून घेतली आणि शेजारी बसलो. इतकी वर्षं रोज सकाळी याच पंखावर थाप मारून मी माणसांना वर चढवलं होतं.

पारबताबाई कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. उघड्या तुळईकडे त्यांनी पाहिलं, आमच्या दोघांकडे पाहिलं. त्यांना कोणी काही समजावून सांगितलं नाही.

“ते पोट्टं इमानातून म्याच घेतलं होतं खाली,” त्या म्हणाल्या. “माय रडून राह्यली होती, अन ते हासत होतं. त्याले वाटलं खेळच हाये. माह्या हातातून मांघं इमानाकडंच झेपा घे. पुन्हा बसाले पाहिजे म्हणे.”